छोट्या लाइनीवरचं बंद स्टेशन : इतिहास जुळवतानाच्या प्रकल्प नोंदी

काम कशाचं ते आधी सांगतो. बार्शी लाईट रेल्वे या अरुंद रुळांच्या छोट्या लाइनीचं रुंदीकरण झालं तेव्हा मार्ग काही ठिकाणी सरकला आणि काही जुनी स्टेशनं बाजूला पडली. त्यातल्या एका स्टेशनाची मोजणी करायची, कागद जमवायचे, तिथे काम केलेल्यांच्या आठवणी नोंदवायच्या आणि दहा फलकांचं प्रदर्शन उभं करायचं. आम्ही चौघं सोलापुरातले आहोत आणि काम रविवारीच होतं. स्टेशनाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथे अजून रुळांचे खांब आणि घडीव दगड शाबूत आहेत, आणि पत्ता उघड झाला की भंगारासाठी ते उपटले जातात. हेच काम दुसऱ्या गावात करणाऱ्यांना आमचे चुकलेले दिवस वाचवता यावेत म्हणून या नोंदी.

२३ नोव्हेंबर

पहिला दिवस फक्त कालपटाचा. एका मोठ्या कागदावर दोन रकाने आखले, 'साल' आणि 'घटना', आणि दुपारपर्यंत तो कागद निकामी झाला. कारण सोपं आहे. 'सोलापूरला रेल्वे कधी आली' याचं उत्तर १८६०. पण भोर घाटातला चढाचा मार्ग १८६३ साली सुरू झाला. म्हणजे पहिली तीन वर्षं सोलापूरची गाडी पुण्याकडून घाटमाथ्यापर्यंतच. मुंबई आणि सोलापूर सलग रुळांनी जोडली गेली ती त्यानंतर. दोन्ही सालं बरोबर आहेत, फक्त ती वेगवेगळ्या गोष्टींची आहेत. म्हणून तिसरा रकाना आखला, 'तारीख कशाची', आणि पुढचं सगळं काम त्याच रकान्यावर चाललं.

छोट्या लाइनीचा सांगाडा असा बसला. बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ मध्ये. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. एकूण लांबी २०२ मैल, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर. १ जानेवारी १९५४ ला कंपनी सरकारच्या ताब्यात आली. रुंदीकरण तुकड्यातुकड्याने झालं : कुर्डुवाडी-पंढरपूर २००१, लातूर-धाराशिव २००७, धाराशिव-कुर्डुवाडी २००८, आणि मिरजेकडचा पट्टा सगळ्यात शेवटी. जुनी लाइन धाराशिव शहरात जात नव्हती, नवी जाते. 'आमचं स्टेशन का बंद झालं' या प्रश्नाचं अर्धं उत्तर बहुतेक ठिकाणी अशा मार्गबदलातच सापडतं, तेव्हा तिथूनच सुरुवात करा.

एक संध्याकाळ वाया गेली ती १८८४ च्या सोलापूर जिल्हा गॅझेटियरमध्ये बार्शी लाईट शोधण्यात. ते छापलं तेव्हा ही लाइन अजून तेरा वर्षं दूर होती! पुस्तक उघडण्याआधी त्याचं साल पाहायचं, ही सवय त्या दिवशी लागली. इंग्रजी कागदांत शोधताना सोलापूरचं स्पेलिंग 'शोलापूर' आणि 'शोलापोर' अशा दोन्ही उच्चारांनी टाका, बार्शीचं 'बार्सी' असं टाका, आणि कुर्डुवाडीसाठी 'बार्सी रोड' टाका. 'कुर्डुवाडी' टाकून जुन्या कागदांत आम्हाला जवळजवळ काहीच मिळालं नाही.

१ डिसेंबर

परवानगीचा अर्ज दिला. स्टेशन बंद असलं तरी जमीन रेल्वेची असते, आणि बंद इमारतीत शिरणं, फोटो काढणं हे विचारूनच करायचं. पहिला अर्ज परत आला. त्यात 'ऐतिहासिक अभ्यास' एवढंच लिहिलं होतं. दुसऱ्या अर्जात माणसं किती, कोणत्या तारखांना, कोणती साधनं, खोदकाम नाही, काहीही उचलणार नाही, चालू लाइनीच्या जवळ जाणार नाही, असं एकेका ओळीत लिहिलं. शेजारून चालू लाइन कुठून जाते त्याचा हाताने काढलेला नकाशा जोडला. तो मंजूर झाला. या सगळ्यात बारा दिवस गेले.

१४ डिसेंबर

पहिली फेरी. सकाळच्या गाडीने निघून नऊला कामाला लागलो.

फलाट जमिनीपासून जेमतेम उंच, कडेला काळ्या दगडाची एक रांग. काळ्या मातीने पावसाळा-उन्हाळ्यात फुगून-आकसून ही रांग नागमोडी केली आहे. फलाटाची लांबी कडेने मोजली तर जास्त भरते, म्हणून दोन टोकांना खुंट्या ठोकून सरळ दोरीवर मोजली.

जुन्या फाटकाजवळ डांबराखाली रुळांचे दोन तुकडे अजून जागेवर आहेत. इथे आज मोठी चूक झाली. एका रुळाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत टेप लावला आणि ८०४ मिलिमीटर आलं. बार्शी लाईटचं गेज अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. मग रूळ पसरले, की हा सायडिंगचा, म्हणजे बाजूच्या लाइनीचा, वेगळा रूळ, यावर अर्धा दिवस गेला. गेज मोजायचं ते रुळांच्या डोक्यांच्या आतल्या कडांमध्ये. तसं मोजलं तर ७६६ आलं. वरचे चार मिलिमीटर झिजेचे आणि सरकण्याचे. मध्य ते मध्य मोजलं की एका डोक्याची रुंदी जास्तीची मिळते, एवढंच ते होतं.

इमारतीच्या खोल्या मीटरमध्ये मोजल्या आणि आकडे पाच सेंटिमीटरला गोल केले. ही दुसरी चूक. ती पुढच्या रविवारी कळली.

२१ डिसेंबर

घरी बसून आराखडा काढला तर भिंती जुळेनात. स्टेशन मास्तरची खोली ४.२५ बाय ३.६० लिहिली होती. ज्यांनी ती बांधली त्यांनी फुटात आखली होती, आणि आम्ही गोल केल्यामुळे ती आखणीच पुसली गेली. आज फूट-इंचाचा स्टीलचा टेप घेऊन सगळं परत मोजलं. गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत १३ फूट साडेदहा इंच. जिथे गिलावा पडलाय तिथे त्याची जाडी पाऊण इंच दिसते. दोन्ही बाजूंची मिळून दीड इंच मिळवली की चौदा फूट बरोबर. दुसरी बाजू तशाच हिशेबाने बारा. आता आराखडा बसला.

जुनी इमारत मोजताना या चार गोष्टी पाळा. फूट-इंचात मोजा, मीटर नंतर करा. कापडी किंवा फायबरचा टेप ताणतो, म्हणून स्टीलचाच घ्या. एका भिंतीवरच्या दारं-खिडक्या एकाच शून्यापासून सलग वाचा. प्रत्येकीचं वेगळं माप घेतलं की चुका साठत जातात. आणि प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. चौदा बाय बाराच्या खोलीचा कर्ण १८ फूट सव्वापाच इंच यायला हवा. आमचे दोन कर्ण एकमेकांपेक्षा अडीच इंचांनी वेगळे आले. खोली थोडी तिरकी आहे. नंतर वाढवलेली पडवी या तिरक्या भिंतीला चिकटवली आहे, आणि ती नंतरची आहे हे आम्हाला आधी कळलं ते या दोन कर्णांवरून. विटांचा आकारही तिथे बदलतो, पण ते आमच्या नंतर लक्षात आलं.

तिकीट खिडकीच्या दगडी कट्ट्यावर सरळ पट्टी आडवी ठेवली. मधोमध पट्टीखाली फट राहते. फटीत मापाच्या पत्र्या सरकवल्या, चार मिलिमीटर. खोलगट भाग मध्यापासून प्रवाशांच्या उजव्या हाताकडे कललेला आहे, जिकडे नाणी ठेवत आणि तिकीट उचलत. आमच्या मते या स्टेशनाचा सगळ्यात बोलका दस्तऐवज हाच. त्याचा फोटो समोरून घेऊन उपयोग नाही. कट्ट्याच्या पातळीला बॅटरी आडवी धरली तरच खोलगटपणा दिसतो.

२८ डिसेंबर

फलाटाच्या कुंपणाचे चौदा खांब म्हणजे उभे पुरलेले जुने रूळ. रुळाच्या पोटावर, म्हणजे डोकं आणि तळ यांच्या मधल्या पातळ भागावर, गिरणीने रूळ लाटताना उठावाची अक्षरं काढलेली असतात : कारखाना, साल, कधी महिना, कधी वजनाचा वर्ग. दर काही फुटांवर तीच ओळ पुन्हा येते, त्यामुळे एका खांबावर तुटलेली ओळ दुसऱ्यावर पुरी मिळू शकते.

सातव्या खांबावरचा गंज काढायला ग्राइंडरवर तारांचा कप लावला. अक्षरं वर आली आणि 'टाटा' स्पष्ट वाचलं. पुढचे आकडे वाचायच्या आत त्यांचे उठाव घासून गेले. सालातला एकच आकडा राहिला. ही चूक परत सुधारता येत नाही. गंजाने उठाव आधीच मऊ झालेला असतो, यंत्र त्याला खाऊन टाकतं.

बाकीच्या खांबांना यंत्र लावलं नाही. पद्धत अशी ठरली : आधी नायलॉनचा ब्रश, मग पितळी तारांचा हाताने. त्यावर कोरड्या खडूची पूड बोटाने चोळायची आणि वरचा थर फडक्याने अलगद पुसायचा, म्हणजे खोलात पांढरं राहतं आणि उठाव काळा दिसतो. मग सूर्य मावळताना किंवा बॅटरीच्या तिरप्या उजेडात फोटो. शेवटी पातळ कागद ताणून मेणखडूने छाप. छापाचा कागद ओला झाला की मेण सरकतं, म्हणून सकाळचं दव वाळल्यावरच हात घाला.

या अक्षरांतून काय कळतं? रूळ कधी लाटला, एवढंच. तो टाकला कधी, तिथून काढला कधी आणि कुंपणासाठी पुरला कधी, या तीन वेगळ्या तारखा आहेत. टाटांच्या कारखान्यात पोलाद निघू लागलं १९१२ मध्ये. म्हणजे सातवा खांब १९१२ च्या आधीचा नाही, आणि कुंपण त्याहून बरंच अलीकडचं, कारण नवा रूळ कोणी खांब म्हणून पुरत नाही. आमच्या पहिल्या मसुद्यात 'कुंपण १९१२ च्या सुमाराचं' असं लिहिलं होतं. खोडलं.

४ जानेवारी

रुळाचं वजन काढलं. हा भाग लाइनीच्या इतिहासाला थेट भिडतो, म्हणून नीट लिहितो.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने ही लाइन आखली तेव्हा मुख्य विचार धुरीवरच्या, म्हणजे चाकांची जोडी ज्या दांड्यावर बसते त्याच्यावरच्या, भाराचा होता. इंजिन असो की वाघीण (मालडबा), कोणत्याही धुरीवर पाच टनांहून जास्त भार नाही. त्यामुळे दर यार्ड (तीन फूट) लांबीला ३० पौंड वजनाचा हलका रूळ पुरला, आणि तरीही वाघिणी त्यांच्या धुरीला झेपेल तेवढ्या पुऱ्या भरता आल्या. इतर हलक्या लाइनींवर इंजिनाची धुरी जड आणि वाघीण हलकी असे, आणि रूळ इंजिनासाठी महाग घ्यावा लागे. बार्शीचा कापूस आणि धान्य स्वस्तात कुर्डुवाडीपर्यंत न्यायचं गणित इथे सुटलं. १८९७ च्या आधी इंग्लंडात लीड्सजवळ न्यूले इथे या गाड्यांची जाहीर चाचणीही घेतली गेली होती. आजच्या मोठ्या लाइनीचा रूळ मीटरला ५२ किंवा ६० किलोचा असतो; ३० पौंडी रूळ म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलो.

फलकावर हे नुसतं लिहिण्यापेक्षा आपल्या खांबांवर तपासता येतं. खांबाचं वरचं कापलेलं टोक साफ करून त्यावर शाई लावली, ग्राफ कागद दाबला आणि छापाच्या आतले मिलिमीटरचे चौकोन मोजले. अर्धवट चौकोन दोनांचा एक धरला. तिसरा खांब : १,८१० चौरस मिलिमीटर. याला ०.००७८५ ने गुणलं की मीटरचं वजन किलोत मिळतं, १४.२. त्याला २.०१६ ने गुणलं की यार्डाचे पौंड, २८.६. म्हणजे ३० पौंडी रूळ, झीज आणि गंज वजा जाऊन. अकरावा खांब : २,१४० चौरस मिलिमीटर, १६.८ किलो, ३३.९ पौंड, हा ३५ च्या वर्गातला. एकाच कुंपणात दोन वजनांचे रूळ निघाले, म्हणजे लाइनीवर कधीतरी जड रूळ टाकले गेले हे कागदाशिवाय हातात आलं.

चूक : पहिल्यांदा शाई जास्त झाली आणि छाप फुगून दोन हजारांवर गेला. प्रत्येक टोकाचे तीन छाप घ्या आणि त्यातला सगळ्यात बारीक कडेचा मोजा.

११ जानेवारी

काम नाही. गड्ड्याच्या यात्रेच्या तयारीत दोघं अडकले होते आणि छपाईचं दुकानही बंद.

१८ जानेवारी

जुनी लाइन आजच्या उपग्रहचित्रावर बसवण्याचा दिवस. क्यूजीआयएस हे नकाशे जुळवायचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि जुन्या संगणकावरही चालतं.

आधी इंटरनेटवर मोफत मिळणारा १९५० च्या दशकातला लष्करी नकाशा घेतला. त्याचं प्रमाण एकास अडीच लाख. नकाशावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर १२५ मीटर! स्टेशनाचं आवार त्या रेघेच्या जाडीत मावतं. चार तास घालवल्यावर हे सुचलं; नकाशा निवडतानाच हा हिशेब करायला हवा होता. एका मैलाला एक इंच प्रमाणाच्या नकाशावर तीच रेघ ३२ मीटरची होते. तो मिळवला आणि काम पुढे गेलं.

जुळवणीचे बिंदू निवडताना नदीची वळणं आणि पाऊलवाटांचे तिठे घेतले. चूक १४० मीटरच्या आसपास येत राहिली. नदी सरकते, वाट सरकते. ते बिंदू टाकून दगडी पूल, मोऱ्या (लाइनीखालून पाणी जायच्या वाटा), देवळं आणि बारव घेतली. एकूण नऊ, नकाशाभर पसरलेली. चूक तिसेक मीटरवर आली. सगळे बिंदू लाइनीलगत घेतले तर नकाशा लाइनीभोवती फिरतो, म्हणून लांबचेही घ्या. एवढं करूनही सगळा नकाशा एकाच दिशेला सरकलेला दिसला, तर जुन्या सर्वेक्षणाचा पृथ्वीचा आकार वेगळा धरलेला असतो. सेटिंगमध्ये तो जुना आकार, 'एव्हरेस्ट', निवडलाय का ते पाहा.

जमिनीवर खूण म्हणून सगळ्यात भरवशाच्या मोऱ्या. भराव शेतकऱ्यांनी नांगरून शेतात घेतला तरी दगडी मोरी राहते, कारण पाण्याला तिथूनच जायचं असतं. नांगरलेल्या शेतातही कोळशाची राख आणि खंगर (कोळसा जळून उरलेले खडे) यांचा काळपट पट्टा दिसतो. तो काळ्या मातीत ओळखायला माती हातात घ्या, खंगर हलकं आणि सच्छिद्र लागतं.

२५ जानेवारी ते ८ फेब्रुवारी

तीन रविवार माणसांना भेटण्यात. सहा जण : गँगमन (रुळांची देखभाल करणारा), गँगचा मुकादम, सांधेवाला (गाडीचा रूळ बदलणारे सांधे फिरवणारा), फाटकवाला, स्टेशनाबाहेर चहाची गाडी चालवलेल्या आजी, आणि हमाली केलेले एक काका.

पहिल्या दोन मुलाखती कच्च्या झाल्या, कारण आम्ही 'कोणत्या साली?' असं विचारत होतो. साल विचारलं की माणूस आपल्याला बरं वाटेल असं साल सांगतो, आणि पुढच्या वेळी दुसरं सांगतो. तिसऱ्या मुलाखतीपासून टेकू बदलले. बाहत्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर? चौऱ्याहत्तरच्या संपात इथे काय चालू होतं? किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा गाडी येत होती? थोरल्या मुलीचं लग्न झालं तेव्हा पडवी होती का? या प्रश्नांना उत्तरं ठाम येतात, आणि दोन वेगळ्या माणसांची जुळतात. पडवी 'दुष्काळानंतर, संपाआधी' असं दोघांनी वेगवेगळं सांगितलं. तिरक्या भिंतीवरची ती जोड आता दोन वर्षांच्या आत बसली.

'स्टेशन बंद कधी झालं' याला सहा जणांकडून तीन उत्तरं आली. कोणीच चुकलेलं नव्हतं. हमाल काकांसाठी बंद म्हणजे माल चढवणं थांबलं तो दिवस. आजींसाठी शेवटची प्रवासी गाडी. गँगमनसाठी रूळ उपटले तेव्हा. फलकावर तिन्ही तारखा तिसऱ्या रकान्यासकट दिल्या.

रेकॉर्डिंगचं : फोन टेबलावर ठेवला तर पंखा आणि भांडीच ऐकू येतात. शर्टाला लावायचा साधा तारेचा माइक अडीचशेला मिळतो, तो घ्या. पंखा बंद करायला सांगताना आधी पाणी विचारा, घरात उकडतं. एक तासाचं बोलणं कागदावर उतरवायला सहा तास लागले. 'सांधा', 'मोरी', 'लाइन क्लिअर' हे शब्द त्यांनी वापरले तसेच ठेवले. पहिल्या मसुद्यात आमच्यातल्या एकाने त्यांची प्रमाण मराठी केली होती आणि मुकादमांना वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, हे मी बोललेलो नाही. सगळं परत मूळ बोलीत आणलं.

१५ फेब्रुवारी

सांधेवाल्या काकांच्या पेटीतले कागद. पार्सलचे कोरे आणि भरलेले फॉर्म, तिकिटं, एक निळा नकाशा.

निळ्या नकाशाला हात लावण्याआधी उजेड कमी करा. ही जुनी निळी छपाई उन्हात फिकी होते. स्कॅनरखाली पुन्हा पुन्हा घेण्यापेक्षा खिडकीच्या आडोशाच्या उजेडात एकदाच, वरून सरळ फोटो काढा. तो काळोखात, साध्या कागदात ठेवायचा. छायाचित्रांसाठी मिळणारा 'आम्लरोधक' म्हणून क्षार मिसळलेला कागद याला चालत नाही, निळा रंग उडतो. आम्ही तोच आणला होता, सुदैवाने गुंडाळण्याआधी वाचलं.

तिकिटांपैकी चार कोणीतरी प्रेमाने लॅमिनेट करून ठेवली होती. ती सोडवता येत नाहीत. चमक टाळायला स्कॅनर वापरला, फोटो नाही.

पुठ्ठ्याच्या तिकिटाचा आकार ५७ बाय ३०.५ मिलिमीटर. आधी ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केलं, तर फलकावर १५० डीपीआयने फक्त साडेचार इंच रुंद छापता येतं. १२०० ला केलं की अठरा इंच. सगळी परत केली, तीन तास गेले.

आता एक तिकीट जवळून. टोकाला तारखेचा ठसा, साल फक्त '७१'. यावर विसंबून फलक छापू नये. तिकिटावर 'तिसरा वर्ग' आहे. तो वर्ग १९७४ मध्ये रद्द झाला. भाडं 'पैसे' मध्ये आहे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली, पण १९६४ पर्यंत 'नये पैसे' लिहीत. म्हणजे छपाई १९६४ ते १९७४ मधली, आणि ठशातलं ७१ त्यात चपखल बसतं. आण्यांतलं भाडं दिसलं तर १९५७ च्या आधीचं समजा. एकाच खुणेवर न थांबता दोन-तीन खुणांची कात्री लावली की साल पक्कं होतं.

पार्सलच्या फॉर्मवर मथळा 'दक्षिण मध्य रेल्वे'. सोलापूर विभाग २ ऑक्टोबर १९६६ ला नव्या दक्षिण मध्य रेल्वेत गेला आणि २ ऑक्टोबर १९७७ ला मध्य रेल्वेत परत आला. हा अकरा वर्षांचा पट्टा सोलापूरच्या कुठल्याही रेल्वे कागदाला उत्तम मापपट्टी आहे : फॉर्म, शिक्के, बिल्ले, कपाटांवरचे नंबर, सगळ्यांना. आम्ही आनंदाने सगळा गठ्ठा '१९६६-७७' मध्ये टाकला. मग एका भरलेल्या फॉर्मवर शाईने लिहिलेली तारीख दिसली, मार्च १९७९. जुना साठा संपेपर्यंत तेच फॉर्म वापरले होते, मथळ्यावर रबरी शिक्का मारून. शिक्का इतका फिका की पहिल्या नजरेत दिसला नाही. मथळा कागद छापल्याची तारीख सांगतो, वापरल्याची नाही. गठ्ठा परत उलगडला. सत्तावीसपैकी पाच फॉर्म ७७ नंतरचे निघाले.

१ मार्च

फलकांची छपाई. तीन बाय दोन फूट, पाच मिलिमीटर जाडीच्या सनबोर्डवर (फोमच्या पाटीवर) चिकटवलेला व्हिनाइल प्रिंट. १५० डीपीआयला फाइल ५४०० बाय ३६०० पिक्सेल.

आमचा मजकूर युनिकोडमध्ये. दुकानातलं डिझाइनचं सॉफ्टवेअर जुनं. तिथे उघडल्यावर 'दुसऱ्या' मधला अर्धा र सुटला आणि वेलांट्या पुढच्या अक्षरावर गेल्या. दुकानदाराने जुन्या फॉन्टमध्ये रूपांतर करून दिलं, त्यात 'ॲ' आणि सगळे आकडे बिघडले. दोन फलक असेच छापले गेले आणि टाकावे लागले. '१९५४' चं '१९४५' झालं होतं आणि तपासताना आमच्याच नजरेतून सुटलं. आता फाइल घरीच पूर्ण करून, अक्षरांचं आकृत्यांत रूपांतर करून, पीडीएफ देतो. दुकानात फक्त छापायचं. आणि आकडे एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने मूळ नोंदवहीत बोट ठेवून पाहायचे.

चकचकीत लॅमिनेशन नको, ट्यूबलाइटच्या उजेडात वाचता येत नाही. मॅट घ्या, फुटाला चारपाच रुपये जास्त पडतात.

८ मार्च

खर्च. स्टीलचा टेप ९२०, ब्रश-खडू-कागद ३४०, माइक २५०, नकाशा आणि झेरॉक्स ६१०, प्रवास आणि जेवण सगळ्या फेऱ्यांचं ५,४६०, छपाई दहा फलक ४,५००, वाया गेलेले दोन ९००. एकूण १२,९८०. वेळ चौघांचा मिळून दोनशे दहा तास. त्यातले पन्नासेक दुसऱ्यांदा करावं लागलेल्या कामाचे. सगळ्यात जास्त वेळ लिहून काढण्याने खाल्ला, सगळ्यात महाग चूक ग्राइंडरची.

१५ मार्च

मुकादमांना आणि आजींना फलक आधी दाखवले. चौथ्या फलकावर इंजिनाला पाणी भरायची जागा आम्ही विहिरीच्या दक्षिणेला दाखवली होती. मुकादमांनी काठीने जमिनीवर रेघ मारली : टाकी उत्तरेला, दक्षिणेला राख टाकायचा खड्डा. आम्हाला तिथे खंगर जास्त सापडलं होतं, त्यावरून पाण्याची जागा धरली होती. खंगर मिळालं ते राखेच्या खड्ड्याचं. दुरुस्तीची पट्टी छापून त्याच फलकावर चिकटवली, खाली 'मुकादमांच्या सांगण्यावरून, १५ मार्च' असं लिहून.

दिव्यांच्या खोलीचं साल मिळालेलं नाही. तिच्यासमोर दुसरा रकाना कोरा ठेवला आहे आणि तिसऱ्यात 'बांधणी' लिहिलं आहे. पुढच्या रविवारी त्या खोलीच्या दाराची चौकट काढलेली आहे तिथल्या विटा मोजायच्या आहेत.